विश्लेषण : बिबट्यासाठी कॅमेरा, फोटो मात्र माणसांचे

जुन्नर, आंबेगावात बिबट्या उसातच राहतो, तिथेच पिले वाढवतो. पहाटे पाणी धरायला निघालेला शेतकरी त्याच बांधावरून जातो. म्हणून कॅमेरे हवेतच. बिबट्या ओळखून भोंगा वाजवणारेही. पण कॅमेरा समोरून जाईल त्याला टिपतो. बिबट्या क्वचित, शेतमजूर बाया रोज.

उत्तराखंडच्या कॉर्बेट परिसरात याचे काय झाले, ते केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडले. वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात शौचाला गेलेली महिला टिपली गेली आणि तो फोटो गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. नुकसान जंगलाचेही झाले.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला. बांधावरच्या बाईला त्याचा उपयोग कधी? माणसांचे फोटो कोण पाहतो, किती दिवसांत पुसले जातात, हे वनविभागाने ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले तर. कॅमेऱ्याची जागाही सांगावी. चोरीची भीती खरी आहे, पण बायांना वाट बदलता आली पाहिजे.