जागरणाचा जमाखर्च

घोरणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी आजारी समजत नाही. घोरतो म्हणजे गाढ झोपतो, गाढ झोपतो म्हणजे मन साफ, असा एकंदर हिशेब! फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी मुंबईत गेले आणि इस्पितळानं मृत्यूच्या कारणांत झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराचं नाव घेतलं, तेव्हा कुठे आमच्या नंदुरबारच्या गल्लीत बायका नवऱ्यांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. त्याच लाटेत माझीही वरात सुरतेला निघाली. परत आलो तो उशाशी यंत्र आणि नाकावर मुखवटा घेऊन.

यंत्राबद्दल माझी काडीइतकी तक्रार नाही. १९८० साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी ते प्रथम माणसावर वापरलं. केर ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर त्यांनी उलट कामाला लावली, म्हणजे हवा ढकलायला. झोपेत मिटणारा घसा त्या हवेच्या दाबानं उघडा राहतो. इतकी साधी गोष्ट, पण सकाळचं डोकं दुखणं थांबलं आणि रात्रीच्या मोरीच्या फेऱ्याही कमी झाल्या. माझं भांडण आहे ते "रात्री किती वेळा जाग आली?" या प्रश्नाशी आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या हिशेबाशी.

आता बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हिशेबाचं वावडं कसं असेल? पण हिशेब बरोबर तरी हवा! यंत्र सकाळी एक आकडा दाखवतं. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडला की एक नोंद, आणि अशा नोंदी तासाला किती, ती सरासरी. पाचाच्या आत असली की पास. पण ते भागतं कशानं? यंत्र चालू होतं तेवढ्या तासांनी! मी झोपलो होतो की आढ्याकडे बघत पडलो होतो, हे त्याला कळतच नाही, कारण ते फक्त हवा मोजतं. समजा, रात्रभरात २४ नोंदी झाल्या आणि यंत्र आठ तास चाललं, तर सरासरी आली तीन. छान! पण त्यातले चार तास मी टक्क जागा असेन, तर खरी सरासरी सहा. म्हणजे जितकं जास्त जागावं, तितका निकाल सुधारतो. असा ताळेबंद मी आमच्या ऑडिटरपुढे ठेवला असता तर त्यानं मला कॅशच्या पिंजऱ्यातच कोंडलं असतं. प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूची झोप मोजतात, तिथे भाजक खरा असतो. घरी नाही.

मग पुण्याच्या भाच्यानं मनगटाला घड्याळ बांधलं. "मामा, हे सगळं सांगतं." सांगतं खरं! मनगट हललं नाही आणि नाडी संथ चालली की माणूस झोपला, असा त्याचा अंदाज. पहाटे मालगाडीच्या भोंग्यानं उठून मी मुलीच्या लग्नाचा खर्च मनातल्या मनात मांडत निश्चल पडलो होतो, त्याला घड्याळानं गाढ निद्रा म्हटलं. लाइट गेली, यंत्र बंद पडलं, मुखवटा काढून मी डास मारले, तेवढी मात्र 'हालचाल'.

तिसरी ती वही. जाग आली की वेळ लिहायची. म्हणजे दिवा लावा, चष्मा शोधा, पेन झटका. अहो, रात्री दोन-चारदा क्षणभर जाग सगळ्यांनाच येते आणि सकाळपर्यंत माणूस ती विसरतोही. वहीत चढवली की तिचं खातं उघडतं आणि व्याज लागायला सुरुवात होते! झोपेचे आकडे बघूनबघून झोप उडण्याला २०१७ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 'ऑर्थोसोम्निया' असं भारदस्त नावही दिलंय.

हसण्यावारी न्यावं असं हे नाही. आमच्या नवापूर शाखेतल्या एका सहकाऱ्याला घड्याळ रोज सकाळी 'झोप असमाधानकारक' म्हणायचं. महिनाभरानं तो वैतागला आणि त्यानं यंत्र माळ्यावर टाकलं. घड्याळ मात्र मनगटावर ठेवलं. आता त्याचं ब्लड प्रेशर चढलंय, आणि तो आठवड्यातून दोनदा मोटारसायकलनं कोंडाईबारी घाट उतरतो. त्याला कुणी एवढंच विचारायला हवं होतं की बाबा, दुपारी काउंटरवर डुलकी येते का? गाडीवर डोळा लागतो का? या दोन प्रश्नांना ना बॅटरी लागते ना मोबाइल.

आणि तिसरा प्रश्न घरच्या माणसाला. माझा श्वास अडतो हे सुरतेच्या डॉक्टरांच्या आधी बारा वर्षं आमच्या हिला ठाऊक होतं. घोरणं थांबलं की ती जागी व्हायची, अंधारात मोजत बसायची, फार लांबलं की कोपरानं ढोसायची. "अहो, कुशीवर व्हा!" मी कुशीवर व्हायचो आणि पुन्हा घोरायचो, ती पुढच्या खंडाची वाट बघायची. पहाटे पाचला उठून डबा करायला मोकळी. तिच्या मनगटाला कुणी घड्याळ बांधलं नाही. परवा मी वही उघडून सगळे रकाने पाहिले. माझ्या जागरणाला सात रकाने आहेत, कारणासह. तिच्यासाठी एकही नाही. पुढच्या खेपेला सुरतेला जाताना वही घरी ठेवीन आणि हिला बरोबर नेईन. तपासणीच्या खोलीत रुग्णासाठी एकच खुर्ची असते, तेवढी दुसरी मागून घ्यावी लागेल.