वडिलांच्या पद्मिनीचा भाव

आजीच्या पाटल्या मोडायची वेळ आली, तर सराफ काटा काढतो, वजन करतो आणि त्या दिवसाचा भाव सांगतो. वडिलांनी घेतलेल्या प्रीमियर पद्मिनीला असा काटा नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती गाडी यायची थांबली त्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. भंगारवाला एक आकडा सांगतो, जुन्या गाड्यांचा शौकीन दुसरा. आणि घरातल्या म्हाताऱ्या आईच्या मते तिची किंमत करणेच पाप. विमा कंपनीला मात्र आकडा लागतोच.

बहुतेक घरांत हा आकडा आपोआप ठरतो. दरवर्षी एजंट येतो, गेल्या वर्षीच्या आकड्यातून थोडे कापतो, हप्ता उतरतो आणि चहा पिऊन सगळे खूश होतात. बँकेत आयुष्यभर तारणांची मूल्यांकने तपासलेल्या माझ्यासारख्याला हे बघवत नाही.

पाच वर्षांपर्यंतच्या गाडीचा घसारा ठरलेला असतो. त्याहून जुन्या किंवा उत्पादन बंद झालेल्या गाडीचे विमा-मूल्य, ज्याला ‘आयडीव्ही’ म्हणतात, ते मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. म्हणजे तिथे बोलायचा हक्क तुम्हाला आहे. तो वापरायला हवा, कारण खरी मेख पुढे आहे. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते.

समजा, मूल्य ६० हजार लिहिले आहे. मागून टेम्पोने धडक दिली आणि घसारा वजा जाऊनही दुरुस्ती ५० हजारांची निघाली. मर्यादा ४५ हजारांची, गाडी संपली! पैसे घ्या आणि सांगाडा द्या, नाहीतर सांगाड्याची किंमत वजा करून उरलेले घ्या. तीच गाडी तीन लाखांना लिहिली असती, तर तीच धडक साधी दुरुस्ती ठरली असती. हप्त्यात वाचवलेल्या थोड्या पैशांपायी जी गाडी जपायची होती, तीच गेली.

म्हणून जाणत्या मूल्यांककाकडून लेखी अहवाल घ्या. गाडीचे फोटो, इंजिनकामाची, रंगाची बिले जोडा आणि पॉलिसीवर तोच आकडा उमटला आहे ना, ते पाहा. अर्थात मूल्य वाढवले म्हणून सगळा खर्च मिळेल, असे नाही. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के कापले जातात, रबर-प्लॅस्टिकवरही तेवढेच. काच तेवढी सुटते.

“गाडी उभीच असते, थर्ड पार्टी पुरे,” असे म्हणणारे भेटतात. रस्त्यावर आणायची तर थर्ड पार्टी कायद्याने सक्तीचीच आहे. ती दुसऱ्याच्या जिवासाठी. आपल्या गाडीची आग, चोरी, पूर तिच्यात येत नाही. २६ जुलै २००५ला मुंबईत बुडालेल्या कितीतरी गाड्या उभ्याच होत्या.

पन्नास वर्षे पुरी झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षे. थर्ड पार्टीचा हप्ताही निम्मा. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी नातवंडांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी जायचे असेल, तर ती सवलत आपल्या कामाची नाही. वापर एक आणि कागद दुसरा, असे झाले की क्लेमच्या वेळी वाद ठरलेलाच.

तेव्हा हप्त्यांची तुलना नंतर करा. आधी भावंडांनी एकत्र बसून एकच ठरवावे: उद्या गाडीला काही झाले, तर आपल्याला पैसे हवेत की गाडी? गाडी हवी असेल, तर तिचा आकडा एजंटवर सोडू नका.