कागदावरचे सौदे
- क्रीडा प्रतिनिधी

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम जुलै महिन्यात पोहोचला की तेथील क्रीडा वाहिन्या व वृत्तपत्रांना सामन्यांइतकेच वेध लागतात ते खेळाडूंच्या अदलाबदलीचे. संघांना आपापसांत खेळाडू देण्या-घेण्याची मुदत साधारणतः जुलैअखेर संपते. त्याआधीचे काही आठवडे विश्लेषक मंडळी रोज नवनवे सौदे सुचवीत असतात. अमुक संघाने आपले तीन होतकरू खेळाडू द्यावेत आणि तमुक संघाचा आघाडीचा फलंदाज पदरात पाडून घ्यावा, असा या प्रस्तावांचा साधारण नमुना असतो. त्यांतील बहुतेक सौदे कागदावरच राहतात. ते का राहतात, हे पाहिले तर खेळामागचे अर्थकारण तर कळतेच, शिवाय विश्लेषण म्हणून आपल्यापुढे काय वाढले जाते, याचीही कल्पना येते.

आयपीएलमुळे अशी अदलाबदल मराठी वाचकांना अपरिचित राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबई इंडियन्समध्ये परतला, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईकडे आणि रवींद्र जडेजा राजस्थानकडे गेला. मात्र आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. बेसबॉलमध्ये करारात तसे कलम नसेल तर खेळाडूला विचारण्याचे बंधन संघावर नाही. कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये सेंट लुईसहून फिलाडेल्फियाला जाण्यास नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९७२ मध्ये तो खटला हरला. पुढच्याच वर्षी नियम झाला की मेजर लीगमध्ये १० वर्षे आणि त्यांपैकी अखेरची ५ वर्षे एकाच संघाकडे काढलेल्या खेळाडूला सौदा नाकारता येईल.

हा नकाराधिकार विश्लेषकांच्या तक्त्यांत सहसा दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र तो मोठमोठे बेत उधळून लावतो. डिसेंबर २०१७ मध्ये मायामी मार्लिन्सने जियानकार्लो स्टॅंटनसाठी सॅन फ्रान्सिस्को आणि सेंट लुईस या दोन्ही संघांशी बोलणी पक्की केली होती. ३२ कोटी ५० लाख डॉलरच्या करारातील कलमाचा आधार घेऊन स्टॅंटनने दोन्ही ठिकाणी जाणे नाकारले व तो न्यूयॉर्क यॅंकीजकडे गेला. त्याआधी २००३ च्या डिसेंबरमध्ये ॲलेक्स रॉड्रिग्ज बोस्टनला जाण्यासाठी वेतनकपात सोसायलाही तयार होता; पण खेळाडूंच्या संघटनेने ती कपात मान्य केली नाही आणि सौदा बारगळला. दोन्ही संघ राजी, एका प्रकरणात तर खेळाडूही राजी; तरीही सौदे मोडले. मग ज्यात यांपैकी कोणालाच विचारलेले नसते, अशा प्रस्तावांची काय कथा?

दुसरी अडचण मोजदादीची. चार पावल्यांचा रुपया होतो, हे गणित या खेळात चालत नाही. चार सामान्य खेळाडू देऊन एक असामान्य खेळाडू मिळत नाही. कारण हंगामाच्या बहुतांश काळात प्रत्यक्ष खेळणाऱ्या चमूत जागा २६ आणि राखीव यादीत ४०. चार जण घ्यायचे तर चौघांना वाट दाखवावी लागते. शिवाय खेळाडूची किंमत केवळ त्याच्या कौशल्यावर ठरत नाही. तो आणखी किती वर्षे आणि किती वेतनात आपल्याकडे राहणार, यावर ठरते. मेजर लीगमधील पहिली सहा वर्षे खेळाडूवर संघाचे नियंत्रण असते, त्यानंतर तो मोकळा होतो.

हुआन सोटोचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वॉशिंग्टनने देऊ केलेला १५ वर्षांचा, ४४ कोटी डॉलरचा करार त्याने २०२२ मध्ये नाकारला. तो मोकळा होण्यास तेव्हा अडीच हंगाम बाकी होते. २ ऑगस्ट २०२२ रोजी सॅन दिएगोने सोटो आणि जॉश बेल यांच्यासाठी सी. जे. एब्रम्स, मॅकेंझी गोर, जेम्स वूड यांच्यासह सहा जण दिले. मूळ सौद्यात एरिक हॉसमरचाही समावेश होता. त्याने नकाराधिकार वापरताच ऐनवेळी त्याच्या जागी ल्यूक व्हॉईटला पाठवावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये हाच सोटो यॅंकीजकडे गेला, तेव्हा त्याच्या करारात एकच हंगाम उरला होता. सॅन दिएगोला चार गोलंदाज व एक यष्टिरक्षकासारखी भूमिका बजावणारा कॅचर मिळाला, पण पहिल्या सौद्याची सर त्याला नव्हती. खेळाडू तोच, काळ वेगळा, म्हणून मोलही वेगळे.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्यक्षातले सौदे कधीकधी कल्पनेपेक्षाही अजब असतात, मग विश्लेषकांनाच नावे का ठेवायची? फेब्रुवारी २०२० मध्ये बोस्टनने मूकी बेट्ससारखा मोहरा लॉस एंजेलिस डॉजर्सला दिला आणि मोबदल्यात ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाऊन्स व कॉनर वॉंग हे तिघे घेतले. आदल्या दिवशी कोणी हा सौदा सुचविला असता तर तो हास्यास्पद ठरला असता. जून २०२५ मध्ये त्याच बोस्टनने राफाएल डेव्हर्सला मुदतीच्या सहा आठवडे आधीच सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकले.

परंतु या दोन्ही सौद्यांत एक गोष्ट होती, ती म्हणजे देणाऱ्याची निकड. बेट्सच्या करारात एकच वर्ष उरले होते आणि बोस्टनला वेतनखर्चावरील दंडात्मक कर टाळायचा होता. डेव्हिड प्राइसच्या वेतनाचा निम्मा भारही त्याच सौद्यात डॉजर्सवर गेला. डेव्हर्सचे कोणत्या जागी खेळायचे यावरून व्यवस्थापनाशी बिनसले होते आणि सॅन फ्रान्सिस्कोने त्याच्या कराराची उरलेली, २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आपल्या शिरावर घेतली. म्हणजे सौदा धक्कादायक आहे म्हणून तो अवास्तव ठरत नाही. समोरच्याने होकार का द्यावा, याचे उत्तर ज्यात नाही तो सौदा अवास्तव. २०२३ च्या जुलैत शोहेई ओहतानीवरून हेच घडले. त्याच्यासाठी प्रस्तावांचा पाऊस पडला, पण एंजल्स संघाला तो द्यायचाच नव्हता. उलट त्यांनीच लुकास जिओलिटोसारखे खेळाडू मिळवून बाद फेरीचा प्रयत्न केला. तो फसला आणि डिसेंबरमध्ये ओहतानी ७० कोटी डॉलरच्या करारावर डॉजर्सकडे गेला. एंजल्सचा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येईल. पण तो कोण व कशासाठी घेत आहे, हे प्रस्तावांत कोठेच नव्हते.

हा निव्वळ करमणुकीचा खेळ असता तर तक्रारीचे कारण नव्हते. पण या तक्त्यांतील नावे जिवंत माणसांची असतात. २९ जुलै २०१५ रोजी न्यूयॉर्क मेट्सचा सामना चालू असतानाच विल्मर फ्लोरेस मिलवॉकीला गेल्याची बातमी पसरली. सोळाव्या वर्षापासून याच संघात वाढलेला हा तरुण मैदानात डोळे पुसताना साऱ्यांनी पाहिला. तो सौदा अखेर झालाच नाही. दोनच दिवसांनी त्याने बाराव्या डावात होमरन मारून संघाला जिंकून दिले, म्हणून त्या प्रसंगाची गोष्ट झाली. त्या बातमीला निदान चालू बोलण्यांचा आधार होता. रोजच्या प्रस्तावांना तेवढाही नसतो. ‘आणि आणखी एक होतकरू’ म्हणून ज्यांची नावे जोडली जातात, त्या मायनर लीगमधील मुलांचे किमान वार्षिक वेतन सर्वांत वरच्या ट्रिपल-ए स्तरावरही २०२३ पूर्वी सुमारे १७,५०० डॉलर होते. त्या वर्षीच्या पहिल्या सामूहिक करारानंतर ते ३५,८०० झाले.

संघांचे अधिकारी दुसऱ्या संघाच्या खेळाडूविषयी जाहीरपणे बोलू शकत नाहीत, वैद्यकीय अहवाल बाहेर येत नाहीत. त्यामुळे प्रस्ताव तपासून पाहण्याची वेळ येत नाही व चुकल्याचा जाबही कोणी विचारत नाही. विश्लेषकांनी अंदाज बांधूच नयेत, असे नव्हे. मात्र प्रत्येक प्रस्तावासोबत देणाऱ्या संघाची निकड, कराराची उरलेली वर्षे आणि खेळाडूचा नकाराधिकार, या तीन गोष्टी मांडण्याचे पथ्य त्यांनी पाळावे. तसे केले तर प्रस्तावांची संख्या निश्चितच घटेल. उरतील त्यांना विश्लेषण म्हणता येईल.