खारपाणपट्टा, जंतूंची वीज आणि पावसाचे पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतील अनेक गावी विहिरीस पाणी लागले तरी शेतकऱ्यास समाधान नसते. ते पाणी पिण्यास खारट लागते आणि ओलितास वापरल्यास काळी जमीन चोपण होते. अशा भागात, जंतूंच्या साहाय्याने पाण्यातील क्षार काढता येतात व त्याच क्रियेत वीजही मिळते, असे कानी आल्यास आशा वाटणे स्वाभाविक आहे. ती आशा व्यर्थ नाही. तथापि ती योग्य कामाशी जोडली पाहिजे.

या पद्धतीचा प्रयोग चीन व अमेरिका येथील शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केला. तिच्या पात्रास तीन कप्पे असतात. एका कडेच्या कप्प्यातील जंतू सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्यावर जगतात व विद्युत्कण मोकळे करतात. हे कण तारेतून दुसऱ्या कडेच्या कप्प्याकडे वाहतात. हीच वीज होय. तिच्या ओढीने मधल्या कप्प्यातील खाऱ्या पाण्याचे क्षार दोन्ही बाजूंच्या विशिष्ट पडद्यांतून बाहेर जातात. प्रयोगात सुमारे ९० टक्के क्षार निघाले. परंतु मधल्या कप्प्यातील पाणी चमचाभरही नव्हते.

शेताचा हिशेब निराळा आहे. एक हेक्टर क्षेत्रास ५ सेंटिमीटरचे एक ओलीत द्यावयाचे, तर ५ लाख लिटर पाणी लागते. शिवाय काढलेला क्षार नष्ट होत नाही, तो कडेच्या कप्प्यांतील पाण्यात उतरतो. ते पाणी नाल्यात सोडल्यास एकाच्या विहिरीतील मीठ दुसऱ्याच्या वावरात जावयाचे. म्हणून अशा यंत्राची चाचणी घ्यावयाची झाल्यास ती प्रथम गावच्या पिण्याच्या पाण्यासाठी घ्यावी, आणि उरलेल्या खाऱ्या पाण्याची व्यवस्था आधी ठरवावी.

पिकांसाठी गोडे पाणी दरवर्षी आकाशातून येते. एक हेक्टरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लाख लिटर पाणी मिळते, आणि त्यातील बरेचसे वाहून पूर्णेस जाते. उतारास आडवी पेरणी करून ते जमिनीत मुरविणे व जादा पाणी शेततळ्यात साठवून खंडाच्या वेळी किंवा हरभऱ्यास देणे, हे आजच करता येण्याजोगे काम आहे. विहिरीचे पाणी व माती तपासून घेतल्यावाचून ओलीत करू नये. जिप्समही तपासणीनंतरच, शिफारशीप्रमाणे घालावे.

यंत्राची वाट पाहण्यात एकही पावसाळा वाया जाऊ नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदा मृगापूर्वी आपल्या गावातील विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासणीस पाठवावेत आणि शेततळ्यांच्या जागा शेतकऱ्यांसमवेत पाहून निश्चित कराव्यात.