सुटसुटीत घर, सुटसुटीत पेहराव

इंग्रजी मजकुरात ‘मिनिमलिझम’ हा शब्द आला की भाषांतरकाराची लेखणी क्षणभर थबकते. कोशकारांच्या वळणाने जावयाचे तर ‘अल्पतावाद’, ‘न्यूनतमवाद’ असे शब्द बनविता येतात. परंतु ते वाचून एखाद्या राजकीय पंथाचा जाहीरनामा हाती पडल्यासारखे वाटते, घर किंवा पातळ काही डोळ्यांसमोर येत नाही. ‘अपरिग्रह’ हा थोर शब्द आहे, पण तो व्रतस्थांचा. ‘साधेपणा’ जवळचा खरा, तथापि त्यात थोडी गरिबीची आणि थोडी भाबडेपणाची छटा मिसळते. या स्तंभापुरता मी ‘सुटसुटीत’ हा शब्द पत्करला आहे. प्रवासाचे सामान, नेसण, घराची मांडणी आणि वाक्याची रचना या सर्वांना तो लागतो. आणि हातपाय मोकळे राहिले पाहिजेत अशी एक अट त्यात आहे. जे पाहावयास मोकळे पण वावरावयास अडचणीचे, त्याला मराठी माणूस सुटसुटीत म्हणत नाही.

वाचकहो, आज ज्याची फॅशन झाली आहे ते चित्र आपल्या परिचयाचे असेल. पांढऱ्या भिंती, एक करड्या रंगाचा कोच, कोपऱ्यात एकच कुंडी. कपाटात बिनकशिद्याचे, बिनकाठाचे, पांढरे-काळे-राखी असे मोजके कपडे. चित्र सुखद आहे यात शंका नाही. दाटीच्या शहरात दमून घरी आलेल्या माणसाच्या डोळ्यांना विसावा हवाच असतो. अडचण सुरू होते ती हे चित्र घरात उतरविताना. जुने सामान काढून टाकावे लागते आणि नवे, साधे दिसणारे सामान विकत आणावे लागते. काढून टाकण्याचा आरंभ बहुधा घरातील वडीलधाऱ्या बाईच्या ट्रंकेपासून होतो. तिच्या गोधड्या, पितळी डबे, घडवंची यांचे आधुनिक खोलीशी पटत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नव्हे. त्यात घरातील पैसा गुंतलेला असतो आणि घरातील माणसांचा मानही.

या कल्पनेचा उगम पाहू लागले तर मात्र आश्चर्य वाटते. व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस याने १९१०च्या सुमारास अलंकरणाविरुद्ध मोठी मोहीम उघडली. त्याच्या लिखाणात परक्या जमातींविषयी उद्दाम विधाने आहेत, ती आज कोणी मान्य करणार नाही. परंतु त्याचा एक मुद्दा अजूनही विचारार्ह आहे. नक्षीकामात कारागिराचे श्रम खर्ची पडतात आणि नक्षीची फॅशन मात्र वस्तू झिजण्यापूर्वीच उलटते; मग धडधाकट वस्तू टाकून द्यावी लागते. वस्तूचे रूप वस्तूइतकेच टिकावे, असे त्याचे म्हणणे. म्हणजे मूळ तक्रार उधळपट्टीविरुद्ध होती, आणि आज त्याच विचाराच्या नावाने धडधाकट वस्तू रस्त्यावर येत आहेत!

पेहरावात हेच वारे थोडे उशिरा आले. १९२६ साली अमेरिकेतील ‘व्होग’ मासिकाने कोको शनेल हिच्या एका साध्या काळ्या झग्याचे रेखाचित्र छापले आणि त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली; सर्वांना परवडेल, सर्वत्र चालेल, असा त्याचा आशय. घरांच्या बाबतीत नाव घेतले जाते ते मीस फान डेर रोह याचे. १९२९च्या बार्सिलोना प्रदर्शनातील त्याचा जर्मन मंडप अगदी मोजक्या सपाट भिंतींचा होता. मात्र त्या भिंती हिरव्या संगमरवराच्या आणि सोनेरी छटेच्या ऑनिक्स दगडाच्या, आणि खांब क्रोमियमचा मुलामा दिलेले. नक्षी गेली की दोष झाकावयास जागा उरत नाही, म्हणून साहित्य उंची लागते आणि कारागिरी काटेकोर. साधे म्हणजे स्वस्त हे समीकरण तेथे पहिल्या दिवसापासूनच नव्हते.

मीसचेच एक घर या संदर्भात फार बोलके आहे. शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांनी इलिनॉय राज्यात फॉक्स नदीच्या काठी सुट्टीतील विसाव्यासाठी त्याच्याकडून घर बांधून घेतले. ते १९५१ साली पुरे झाले. एकच लांबरुंद दालन आणि चारी बाजूंना काच. जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी आजही त्याची चित्रे पाहतात, आणि ते देखणे आहे हे कोणीही कबूल करील. पण खर्च अंदाजाबाहेर गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९५३ साली निकाल वास्तुकाराच्या बाजूने लागला. घरात राहणाऱ्या बाईंची गाऱ्हाणी मात्र आपल्याकडील कोणत्याही गृहिणीला तत्काळ समजतील अशी होती. कपडे ठेवावयाचे कोठे? शेवटी स्वतंत्र कपाट करून घ्यावे लागले. डास येतात, मग ओसरीला जाळ्या बसवाव्या लागल्या. स्वयंपाकघरातील मोरीखाली केराचा डबा ठेवावा तर येणाऱ्याजाणाऱ्याला तो रस्त्यावरून दिसतो, असेही त्यांनी बोलून दाखविले. त्या डब्याचा विचार ज्या आराखड्यात नाही, तो कितीही मोठ्या कलावंताचा असो, त्यात राहणाऱ्याला रोज त्रास होणारच.

आता आपल्या जुन्या खोल्या आठवा. मुंबईच्या चाळीतील एका खोलीत सकाळी स्वयंपाक, दुपारी शिवणटिपण, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि रात्री सहा माणसांची झोप होत असे. सतरंजी पसरली की बैठक, गुंडाळली की जमीन मोकळी, अंथरुणाची वळकटी कोपऱ्यात, कपडे दांडीवर, भिंतीतच फडताळ आणि कोनाडा, नित्य न लागणारे माळ्यावर. तेथील रिकामी जागा शोभेची नसून कामाची होती. मात्र या आठवणीत रमताना एक भान ठेवावे: ज्यांच्या घरी चारच भांडी होती त्यांनी ती आवडीने चार ठेवली नव्हती. नाइलाजाच्या टंचाईला सौंदर्यदृष्टीचे नाव देणे हा पोटभर जेवलेल्या माणसाचा चोचला आहे.

स्वेच्छेने कमी करणे वेगळे, आणि त्यालाही कारण असावे लागते. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे गांधीजींनी सदरा-टोपी सोडून केवळ पंचा नेसण्याचे ठरविले. विदेशी कापड टाकावयास सांगितले तर त्याजागी पुरेशी खादी घेण्याची ऐपत लक्षावधी गरिबांपाशी नाही, हा त्यामागील हिशेब होता. १९३६ साली ते वर्ध्याजवळील शेगावी राहावयास गेले. पुढे त्या गावाचे सेवाग्राम झाले. तेथील बापू-कुटी माती, बांबू व कौले यांची आहे. नवलाची गोष्ट अशी की या कुटीतही भिंतींवर नक्षी आहे. मीराबेननी ओल्या मातीतच ताडाची झाडे आणि चरखा उठविला आहे. त्या नक्षीसाठी काही विकत आणावे लागले नाही, आणि पाहणाऱ्याला ती जड वाटत नाही. लोससाहेबांनी ही भिंत पाहिली असती तर काय म्हटले असते, असा विचार मनात येतो.

गांधीजींची भेट झालेला एक इंग्रज वास्तुकार हिंदुस्थानातच स्थायिक झाला आणि त्याने हा विचार पुढे नेला. लॉरी बेकर यांना गांधीजींनी सांगितले होते की घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघात मिळणारे असावे. बेकर यांनी केरळात, विशेषतः तिरुवनंतपुरमच्या परिसरात, आयुष्यभर हाच धडा गिरविला. २००७ साली ते निवर्तले. वीट चांगली असेल तर गिलावा कशाला, हा त्यांचा प्रश्न. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडावयाची ‘रॅट-ट्रॅप’ पद्धत त्यांनी लोकप्रिय केली. तीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतील हवेमुळे ऊनही आत कमी येते. खिडकीऐवजी विटांचीच जाळी ठेवली की चौकट, गज आणि काच यांचा खर्च टळतो. पांढऱ्या भिंतीवर दर दोनतीन वर्षांनी रंगाचा हात फिरवावा लागतो. उघड्या विटेच्या भिंतीला तो लागत नाही. ज्या वाचकांचे घर बांधावयाचे घाटत आहे त्यांनी आपल्या गवंड्यापाशी ही गोष्ट अवश्य काढावी. बहुतेक गवंडी प्रथम नाही म्हणतील.

बाजारातही सचोटीचा सुटसुटीतपणा अगदीच नसतो असे नाही. जपानमधील ‘मुजी’ची १९८० साली सुरुवात झाली तेव्हा तिच्या मालात मोडक्या अळंब्या होत्या, चवीला त्या अख्ख्यांइतक्याच, मग निवडून वेगळ्या काढण्याची मजुरी ग्राहकाने का द्यावी? शेवया तयार करताना कापून टाकली जाणारी वाकडी टोकेही त्यांनी स्वस्तात विकली. येथे काय कमी केले आणि त्याने कोणाचा पैसा वाचला, ते सांगता येते. दुकानात साध्या वस्तूची चढी किंमत पाहाल तेव्हा हाच प्रश्न विचारून पाहावा.

आपल्या सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी दांपत्य येथे आले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल दिला. १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, ती याच अहवालातून. त्यांनी या देशात पाहिलेल्या वस्तूंत सर्वांत गौरविली ती तांब्याला, म्हणजे लोट्याला. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यावयाचा, भरलेला आणि रिकामा असताना तोल कोठे राहतो, धार कशी पडते, आतून घासता येतो का, मोडीत किती येतील, देताना-घेताना कसे वाटते, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले. लोट्याला नक्षी असो वा नसो, या प्रश्नांना तो उतरतो.

हेच प्रश्न कपड्याला विचारावेत. खिसा आहे का? पांढरा रंग किती धुण्यांनी पिवळा पडेल, आणि धुणार कोण? इस्त्रीवाचून चालेल का? शिवणीत माया सोडली आहे का? तयार कपड्यांत हल्ली माया इतकी अपुरी असते की अंग थोडे भरले की कपडा निकामी होतो. याउलट लुगडे किंवा धोतर मुळात बेतलेलेच नसते, म्हणून त्यात चिंध्या निघत नाहीत आणि ते आईचे मुलीला होते. लुगडे विरले की त्याचे दुपटे, उरलेल्याचे पायपुसणे, नाहीतर बोहारणीकडून एखादे पातेले. आणि सर्वांत मऊ ते गोधडीला. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकची कौदी या सर्व एकाच कुळातल्या. डोळ्यांना त्या मुळीच ‘मिनिमल’ नाहीत. दहा रंग आणि हजारो टाके. पण त्यांच्यासाठी नवे कापड बहुधा घेतलेले नसते, आणि आपल्या हिशेबात वजन याला आहे.

तेव्हा ट्रंक उघडाल तर घरच्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन उघडावी. गोधड्या एकदा कडक उन्हात टाकाव्यात. खोलीच्या रंगाशी जमत नसेल तर मांजरपाटाची साधी खोळ शिवून घालावी. खोळ वेगळी धुता येते आणि आतील टाके कमी झिजतात. नवी गोधडी घालावयाची तर साड्या आधी निवडाव्यात. सुतीच घ्याव्यात. नायलॉनच्या सरकतात, घाम शोषत नाहीत आणि धावदोऱ्याला धरून राहत नाहीत. त्यांची बाजाराची पिशवी मात्र उत्तम होते.

पुढील अंकी माळ्यावरील सामानाचा विचार करू.