टायपिस्टचे स्वतःचे शब्द

ऑफिसातल्या टायपिस्टचा शब्दांशी दिवसभर संबंध येतो, पण त्यातला एकही शब्द तिचा नसतो. मजकूर साहेबाचा, सहीही साहेबाची. टाइपरायटर हे लिहिण्याचे यंत्र खरे. पण ज्यांच्या बोटांखाली ते सर्वाधिक वाजले, त्यांना लेखक किंवा कलावंत म्हणायची गरज कुणाला वाटली नाही.

पूर्व जर्मनीच्या रूथ वोल्फ-रेफेल्ट यांनी हा व्यवहार उलटा करून दाखवला. जन्म १९३२चा, शिक्षण कारकुनी कामाचे. बर्लिनच्या कला अकादमीत त्या ऑफिसकाम करत. त्यांचे पती रॉबर्ट रेफेल्ट चित्रकार होते. रूथ यांनी मात्र कलेचे रीतसर शिक्षण कधी घेतले नव्हते. १९७०च्या दशकात त्यांनी ‘एरिका’ टाइपरायटरवर अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि आकडे पुन्हा पुन्हा ठोकून लाटा, ठोकळे, पिंजरे उभे केले. कधी एकच शब्द फोडून, पसरून त्याची कविता केली. ज्यांनी खत्तातीचे नमुने पाहिलेत, त्यांना अक्षर वाचता येते तसे पाहताही येते, हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की कातिबाच्या हाती कलम असते आणि ते हवे तसे वळते. इथे प्रत्येक अक्षराची जागा यंत्राने आधीच आखून दिलेली. त्या चौकटीत राहूनच चौकट वाकवायची होती.

तो काळही चौकटींचाच होता. पूर्व जर्मनीत काय छापायचे यावर सरकारचे नियंत्रण होते. टाइपरायटर आणि कार्बन पेपर मात्र घरात असे. पाकिटात मावणारी ही चित्रे टपालाने देशोदेशीच्या कलावंतांकडे जात. टपालावरही गुप्त पोलिसांची नजर होतीच. पण स्वल्पविरामांच्या लाटेवर आरोप तरी कोणता ठेवणार?

१९८९ साली भिंत पडली आणि १९९०मध्ये त्यांनी हे काम थांबवले. जगाने त्यांची खरी दखल घेतली ती त्यानंतर पाव शतकाने. २०१७च्या ‘डॉक्युमेंटा’ या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०२२मध्ये बर्लिनचा हाना ह्योख पुरस्कार मिळाला. २०२४ साली त्या वारल्या. कागद तेच होते, बदलली ती फक्त पाहणाऱ्यांची नजर. म्हणून ‘शोध लागला’ हा शब्द मला खटकतो. त्या हरवलेल्या नव्हत्याच. आपल्या घरात, आपल्या कामात होत्या.

हा प्रश्न फक्त जर्मनीचा नाही. मुंबईच्या चंद्रकांत भिडे यांनी बँकेत नोकरी करता करता टाइपरायटरवर माणसांची चित्रे काढली. अशा कामाचे आपण तोंडभरून कौतुक करतो, पण ‘छंद’ म्हणून. कारकून, शिंपी, पेंटर यांनी केले तर छंद आणि कला महाविद्यालयातून आलेल्याने केले तर प्रयोग, ही वाटणी कुणी केली? कलेला प्रमाणपत्र लागत नाही. ते मागण्याची सवय आपली आहे आणि तिची किंमत अशा माणसांनी आयुष्यभर मोजलेली असते. पुरस्कार येतो तेव्हा हात बहुधा थकलेले असतात.