हसून झालं, आता पुढे?

रात्रीची जेवणं आणि टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम ही जोडी आपल्याकडे आता पक्की झाली आहे. महाड असो की पोलादपूर, पुढाऱ्याची नक्कल सुरू झाली की एरवी मोबाईलमधून मान वर न काढणारी पोरंही खो-खो हसतात. हसू देत की! पण मैत्रिणींनो, या हसण्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलाय.

सत्तेची फजिती आपल्याला नवी नाही. शिमग्यातल्या सोंगांनी आणि वगातल्या कोतवालाने ती केव्हाच करून ठेवली आहे. टीव्हीने ती घरात आणली. 1989 मध्ये दूरदर्शनवर जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' आला. पुढे मराठीत 'घडलंय बिघडलंय'ने राजकारण्यांच्या टोप्या उडवल्या. भट्टींची गंमत अशी, की औषधांची खोटी बिलं, कंत्राटदाराची निकृष्ट कामं, नुसत्या चहा-बिस्किटांच्या मीटिंगा यांत साहेबाबरोबर आपण सामान्यही सापडायचो. आता बऱ्याचदा विनोद असतो तो पुढाऱ्याच्या आवाजावर आणि चालण्यावर. तो जे काम करत नाही, ते बाजूलाच राहतं.

अमेरिकेत 'द डेली शो' नावाचा असाच कार्यक्रम तरुणांमध्ये फार लोकप्रिय होता. तिथल्या दोन अभ्यासकांनी 2006 मध्ये त्याचा कॉलेजच्या मुलांवर काय परिणाम होतो ते मांडलं. तो पाहून मुलांचा उमेदवारांवरचा आणि निवडणुकीवरचा विश्वास कमी झाला, पण 'राजकारण मला कळतं' हा आत्मविश्वास मात्र वाढला. मला तर हे घरबसल्या दिसतं. कोण कुठल्या पक्षातून कुठे गेला हे भाच्याला तोंडपाठ, आणि मतदानाचा विषय काढला की म्हणतो, "सगळे सारखेच गं आत्या, काय फरक पडणार?"

कळतं, पण वळत नाही, ते इथेच. तरीही दोष सगळा विनोदाचा नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्याच जॉन ऑलिव्हरने इंटरनेटच्या नियमांवर असाच हसवणारा कार्यक्रम केला आणि शेवटी प्रेक्षकांना सांगितलं, तुमचं म्हणणं इथे लिहून पाठवा. इतक्या लोकांनी लिहिलं, की त्या सरकारी संस्थेची यंत्रणाच अडखळली. त्याने लोकांना हसवलं आणि पुढचा पत्ताही दिला.

पत्ता माहीत असूनही पाय उचलावे लागतात, हे महाडइतकं कोणाला ठाऊक असणार? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात 1923 मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 मध्ये तसा ठराव केला. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांबरोबर माणसं चवदार तळ्यापर्यंत चालत गेली, ओंजळीने पाणी प्यायली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बायकाही होत्या, आणि बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलले होते.

आणि आपल्याकडे विचारण्यासारखं कमी का आहे? मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासूनचं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, एस.टी.च्या गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्यावर विनोद कोण करील? पण पूल तपासायचं काम कोणाचं, हे विचारायची सवय आधीपासून हवी.

ती सवय आपण लावू शकतो. कार्यक्रम संपला की पोरांना एकच विचारायचं, "आत्ता ज्याच्यावर हसलात, ते काम कोणाकडे येतं रे?" नगरपालिका, जिल्हा परिषद की सरकार? उत्तर शोधता शोधता निम्मं नागरिकशास्त्र होतं. अठरा पूर्ण झाली असतील तर 6 नंबरचा फॉर्म भरून यादीत नाव घालायला लावा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. तो एकदा पोरांच्याच हाताने लिहवून घ्या. खेड्यात राहत असाल, तर ग्रामसभेआधीच्या महिला सभेला स्वतः जा, आणि ग्रामसभेला जाताना अठरा पूर्ण झालेल्या लेकीला बरोबर न्या. आई बोलताना दिसली, की लेकीचीही भीड चेपते.